शिफारसीला दाम हवा

तीनशे रुपये छापील किमतीचं एक मराठी पुस्तक घ्या. नागपूरच्या मध्यम आकाराच्या दुकानाला ते साधारण ३५ टक्के कमिशनवर पडतं, म्हणजे १९५ रुपयांना. पुण्याहून ट्रान्सपोर्टने येणाऱ्या गठ्ठ्याचं भाडं, बिल्टी आणि हमाली मिळून प्रतीमागे सहा रुपये धरले, तर दुकानाच्या हाती ९९ रुपये राहतात. आता धंतोलीत किंवा धरमपेठेत, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत ४०० चौरस फुटांची जागा धरा. चौरस फुटाला ६० रुपये भाडं मानलं तर २४ हजार झाले. घरमालक जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के, म्हणजे आणखी ४,३२० रुपये. दोन माणसांचे पगार ३० हजार, वीज आणि किरकोळ खर्च ७ हजार. महिन्याचा खर्च ६५ हजारांच्या पुढे गेला. मालकाने स्वतःसाठी छदामही न घेता एवढं भागवायचं तर महिन्याला साडेसहाशेवर पुस्तकं खपली पाहिजेत. २६ दिवस दुकान उघडं ठेवलं तर रोज २५. हेच पुस्तक १० टक्के सवलतीने दिलं की प्रतीमागे ६९ रुपये सुटतात आणि रोजचा आकडा ३६ वर जातो. २० टक्के दिली की ३९ रुपये सुटतात आणि रोज ६४ पुस्तकं विकावी लागतात.

भाडं आणि पगार उदाहरणादाखल आहेत, ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत. पण गणिताचा कल बदलत नाही. २० टक्के सवलत द्यायची तर विक्री अडीचपट व्हायला हवी, आणि मराठी ललित पुस्तकाचं गिऱ्हाईक साठ रुपये वाचतात म्हणून अडीचपट होत नाही. जे येणार असतं तेच येतं, फक्त कमी पैसे देऊन जातं. त्यात पुस्तक करमुक्त आहे ही ऐकायला गोड वाटणारी गोष्टही दुकानाच्या अंगावरच येते. विक्रीवर कर नाही, म्हणून भाड्यावर, रॅकवर, संगणकावर भरलेल्या कराची वजावटही नाही. प्रकाशकाचं दुखणं तेच. छपाईच्या बहुतेक कागदावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तो त्याला कुठे वळता करून घेता येत नाही. तो छापील किमतीत उतरतो, आणि किंमत वाढली की गिऱ्हाईक आणखी सवलत मागतं.

तेव्हा सवलतीच्या शर्यतीत स्वतंत्र दुकानाने उतरूच नये, असं आमचं म्हणणं आहे. ज्याच्याकडे गोदामं आहेत आणि तोटा सोसायला दुसरे धंदे आहेत, त्याच्याशी टक्क्यांवर लढता येत नाही. दुकानाकडे विकण्यासारखी दुसरी गोष्ट आहे: निवड. हजारो नव्या-जुन्या पुस्तकांतून ही दीड-दोन हजार ठेवली, त्यातलं हे तुमच्यासाठी आणि ते तुमच्यासाठी नाही, एवढं सांगू शकणारा माणूस. या कामाला पैसे लागतात आणि ते छापील किमतीतूनच यायला हवेत. त्याहून महत्त्वाचं, शहरातली ग्रंथालयं, शाळा आणि महाविद्यालयं सार्वजनिक पैशातून पुस्तकं घेतात, त्यांनी जास्तीत जास्त सवलत देणाऱ्याला ऑर्डर देण्याची पद्धत सोडली पाहिजे. वाचकाच्या खिशापेक्षा या पद्धतीनेच दुकानांचं जास्त नुकसान केलं आहे, आणि पुस्तकांचंही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की नागपुरात वाचणारे आहेतच किती. ज्याने धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीचा परिसर पाहिला आहे, त्याने हे बोलू नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणासाठी लाखो लोक येतात आणि त्यातले असंख्य लोक पुस्तकं घेऊन परततात. दहा-वीस-पन्नास रुपयांच्या पुस्तिका, चरित्रं, बुद्धवचनं, २२ प्रतिज्ञांची छोटी पत्रकं आणि शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड. या मालेचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला आणि तिचे पहिले संपादक वसंत मून नागपूरचेच. हे खंड वेळेवर छापले जात नाहीत, मिळत नाहीत, याची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मागणी नसलेल्या पुस्तकासाठी न्यायालयापर्यंत गोष्ट जात नाही.

दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून पुस्तक-दुकानाने शिकण्यासारखं बरंच आहे. माल लहान किमतीपासून सुरू होतो, त्यामुळे रिकाम्या हाताने जाण्याचं कारण उरत नाही. विषयांची दिशा ठरलेली आहे, सगळ्यांसाठी सगळं असा पसारा नाही. पुस्तक उघडं मांडलेलं असतं, हातात घेता येतं. जाणता विक्रेता विचारतो की घरी वाचणार कोण, शिकणारी मुलं आहेत का, आधी काय वाचून झालंय. ही शिफारसच आहे. आमच्या वातानुकूलित दुकानांतून ती हरवली आणि काउंटरवरचा मुलगा संगणकात नाव टाइप करून ‘नाही आहे’ म्हणायला शिकला.

आता सरकारी आणि संस्थांच्या खरेदीकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं अनुदानातून ग्रंथखरेदी करतात. शाळा-महाविद्यालयांचे निधी वेगळे. या खरेदीत दरपत्रकं मागवली जातात आणि तुलना एकाच रकान्याची होते: सवलत किती टक्के. इथे काय घडतं ते आकड्यांत पाहा. १२० पानांचं पुस्तक, प्रामाणिक किंमत १५० रुपये. दुकानदार २० टक्के सवलत देतो, ग्रंथालयाला ते १२० रुपयांत पडतं. दुसरा पुरवठादार तेवढ्याच पानांचं पुस्तक आणतो, त्यावर छापील किंमत ४०० आणि सवलत ६० टक्के. ग्रंथालय १६० रुपये मोजतं. तुलनेत जिंकतो दुसरा, कारण ६० हा आकडा २० पेक्षा मोठा आहे. दाखल नोंदवहीत ४०० रुपयांचं पुस्तक चढतं, संग्रहाचं मूल्य फुगतं, लेखापरीक्षणात सगळं नियमात असतं.

त्या चारशेच्या पुस्तकात असतं काय? बहुधा हक्कमुक्त झालेल्या जुन्या मजकुराची पुन्हा जुळणी, थोरामोठ्यांची इंटरनेटवरून उतरवलेली चरित्रं, निबंधसंग्रह. मोठा टाइप, रुंद समास, कडक पुठ्ठा. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: एकाच प्रकाशनाच्या साठ-सत्तर शीर्षकांवर एकच छापील किंमत, ‘प्रथम आवृत्ती’ सगळ्यांची एकाच वर्षाची, लेखकाचा परिचय नाही, आणि हे पुस्तक कुठल्याही दुकानाच्या शेल्फवर कधी दिसलेलं नाही. ते वाचकासाठी छापलेलंच नसतं. सभासद ते घरी नेत नाहीत, मग ग्रंथपाल अहवालात लिहितो की वाचनसंस्कृती घटते आहे. पाच वर्षांत अशा पुस्तकांनी कपाटं भरली की नवीन कादंबरीला जागा नाही म्हणून खरेदीच थांबते. सगळी ग्रंथालयं असं करतात असं मुळीच नाही. चांगला ग्रंथपाल या जाळ्यातूनही वाट काढतो, पण नियम त्याच्या बाजूने नाही.

दुकानाची बाजूही सगळी धुतल्या तांदळासारखी नाही. निवड हा आमचा धंदा आहे असं म्हणायचं तर ती दिसायला हवी. मराठी दुकानांत शिफारस म्हणजे पुष्कळदा तोंडी ‘हे छान आहे, खूप चाललंय’. एवढ्यावर कोणी ४५० रुपये का काढावेत?

शिफारसीची चिठ्ठी लिहिणं ही कारागिरी आहे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद, हाताने लिहिलेले चाळीस ते पन्नास शब्द, खाली लिहिणाऱ्याचं नाव. पुस्तक कशाबद्दल आहे हे एका वाक्यात, कोणासाठी आहे हे दुसऱ्यात, आणि कोणी घेऊ नये हे तिसऱ्यात. तिसरं वाक्य दुकानदार लिहायला घाबरतात, पण विश्वास त्याच्यामुळेच बसतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ घ्या, १९६० ची कादंबरी. तिची चिठ्ठी अशी होऊ शकते: ‘गरिबीशी हात टेकेपर्यंत झगडणाऱ्या कौतिकची गोष्ट. संवाद वऱ्हाडीत, त्यामुळे विदर्भातल्या वाचकाला थेट कानात ऐकू येते. मनाला उभारी देणारं काही हवं असेल तर आज घेऊ नका.’ वसंत मून यांच्या ‘वस्ती’वर लिहायचं झालं तर ते आंबेडकरी चळवळीचा इतिहास म्हणून सांगू नये. नागपूरच्या एका दलित वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या नजरेतून आपलंच शहर दिसतं, असं सांगावं. इतिहासाच्या कपाटाकडे न वळणारा माणूसही थांबतो.

चिठ्ठ्या कुठे बिघडतात? मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला की पहिल्यांदा. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वाचलंच पाहिजे’ हे शब्द आले की दुसऱ्यांदा. ओळखीच्या कवीला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या संग्रहावर चिठ्ठी लावली की तिसऱ्यांदा, आणि हा घाव सगळ्यांत खोल बसतो. नागपुरात लिहिणारे आणि विकत घेणारे एकमेकांना ओळखतात. एक खोटी शिफारस वर्षभराच्या खऱ्या शिफारसी पुसून टाकते. चौथं, पुस्तक संपलेलं असतं आणि चिठ्ठी तशीच लटकत राहते. चिठ्ठी लावायच्या आधी किमान पाच प्रती हातात असाव्यात आणि प्रकाशकाकडे आवृत्ती शिल्लक आहे याची फोनवर खात्री करावी. एका वेळी दुकानात पंचवीस-तीस चिठ्ठ्या पुरेत, दर सहा आठवड्यांनी बदलाव्यात. सहा आठवड्यांत चिठ्ठीच्या पुस्तकाची एकही प्रत हलली नसेल तर दोष पुस्तकाचा आहे की चिठ्ठीचा, हे पाहायला आधी नवी चिठ्ठी लिहावी. पुस्तक लगेच परत पाठवू नये.

मांडणीही शिफारसच असते. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथला वाचक मराठी आणि हिंदी दोन्ही वाचतो, पण दुकानात हिंदीचं कपाट पार मागच्या भिंतीला. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत होते, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत, आणि दोघांच्याही आयुष्यातली महत्त्वाची वर्षं या शहरात गेली. त्यांची पुस्तकं एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायला खर्च शून्य येतो. हे टेबल कुठलंही संकेतस्थळ तुम्हाला मांडून देणार नाही. तिथे भाषा हीच पहिली चाळणी असते.

स्थानिक लेखकांचा साठा कायमचा असावा, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण येते. मारुती चितमपल्लींना जानेवारी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. अशा बातमीनंतर दोन-तीन दिवस लोक पुस्तक विचारत येतात. पुण्याहून पार्सल यायला तेवढेच दिवस जातात आणि गठ्ठा पोचेपर्यंत लाट ओसरलेली असते. आशा बगे, महेश एलकुंचवार, ग्रेस, सुरेश भट, यशवंत मनोहर, चितमपल्ली यांच्या प्रत्येकी दोन-तीन मुख्य पुस्तकांच्या पाच-पाच प्रती म्हणजे साठ ते नव्वद पुस्तकं. खरेदीच्या भावाने वीस हजारांच्या आत बसणारी ही रक्कम आहे. तेवढे पैसे गुंतवायला नकार देणारं दुकान नागपूरचं आहे, हे सांगायला त्याच्या पाटीशिवाय काही उरत नाही.

आता कार्यक्रम. अलीकडे प्रत्येक दुकानाला कार्यक्रम हवा असतो आणि बहुतेक कार्यक्रम तोट्यात जातात. कारण ते प्रकाशन समारंभाच्या साच्यात बसवलेले असतात: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, प्रमुख अतिथी, दुसरे अतिथी, अध्यक्षीय समारोप, आभार. लेखकाच्या वाट्याला बारा मिनिटं येतात आणि पुस्तकाच्या वाट्याला दारातली गर्दी. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झालेला असतो आणि साडेआठला सगळ्यांना घराची आठवण होते.

चारशे चौरस फुटांच्या दुकानात भिंतीची कपाटं वगळून बसायला साधारण तीनशे चौरस फूट मिळतात. माणशी आठ-नऊ चौरस फूट धरले तर तीस-पस्तीस खुर्च्या, त्याहून जास्त नकोत. मधली कपाटं साडेचार फुटांपेक्षा उंच नसावीत आणि त्यांना ब्रेक असलेली चाकं असावीत. मराठी पुस्तकांनी भरलेल्या तीन फुटी फळीचं वजन वीस-पंचवीस किलो होतं, चार फळ्यांचं कपाट शंभराच्या घरात जातं, त्यामुळे प्रत्येक चाक किमान पन्नास किलोचं घ्यावं. हलकी चाकं सहा महिन्यांत वाकतात आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी चार माणसं कपाट उचलत बसतात. विक्रीचं टेबल खुर्च्या आणि दार यांच्या मध्ये असावं. ते लेखकाच्या मागे ठेवलं तर प्रश्नोत्तरं चालू असताना तिथे जायचा कोणाला धीर होत नाही.

वेळ एक तासाची. दहा मिनिटं वाचन, पस्तीस मिनिटं एका तयारीच्या माणसाशी गप्पा, पंधरा मिनिटं प्रश्न, मग सह्या. सत्कार नाहीच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा सातच्या आत कोणी घराबाहेर पडत नाही आणि दुपारी एक ते पाच दुकानात चिटपाखरू नसतं. शिवाय डेझर्ट कूलर लावला तर त्याचा आवाज माइकवर येतो आणि ओलाव्याने लॅमिनेट केलेली मुखपृष्ठं वर वळतात, प्रकाशक असा माल परत घेत नाही. कार्यक्रमाच्या वेळी कूलर पुस्तकांच्या दिशेने नको, एवढी काळजी तरी घ्यावी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चांमुळे सीताबर्डी ते सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडतात. तो आठवडा टाळावा किंवा कार्यक्रम रविवारी घ्यावा. झाशी राणी चौक किंवा सीताबर्डी स्थानकाजवळचं दुकान असेल तर निमंत्रणात मेट्रो स्थानकाचं नाव लिहावं. पार्किंगच्या भीतीने न येणारे बरेच असतात.

प्रतींचा अंदाज हा सगळ्यांत नाजूक भाग. ओळखीचा लेखक असेल तर तीन-चार श्रोत्यांमागे एक प्रत, असा ठोकताळा धरावा. पस्तीस खुर्च्यांना दहा-बारा प्रती नव्या पुस्तकाच्या आणि जुन्या पुस्तकांच्या तीन-तीन. शंभर मागवल्या तर जवळपास नव्वद पडून राहतात. ऑर्डर पंधरा दिवस आधी द्यावी, परतीची अट आधी लेखी घ्यावी: किती दिवसांत, भाडं कोणाचं. आणि लेखकाला उत्साहाच्या भरात सगळ्या प्रतींवर सह्या करू देऊ नयेत, सही केलेली प्रत परत जात नाही. किमतीचा स्टिकर लावलेलीही नाही. म्हणून दुकानाची खूण शेवटच्या पानावर पेन्सिलीने करावी: महिना, वर्ष, वितरकाचं आद्याक्षर. वर्षभर न हललेला माल या खुणेवरून दोन मिनिटांत निघतो.

आणखी एक अडचण बोलायला अवघड असते. लेखक प्रकाशकाकडून ४० टक्के सवलतीने घेतलेल्या प्रती पिशवीत घेऊन येतो आणि चहाच्या वेळी मित्रांना निम्म्या किमतीत देतो. जागा, वीज, खुर्च्या, निमंत्रणं दुकानाची, विक्री पिशवीतून. यात लबाडी क्वचित असते, बहुधा भाबडेपणा असतो. पण ठरवताना स्पष्ट सांगावं की त्या संध्याकाळी पुस्तक फक्त काउंटरवरून आणि छापील किमतीला जाईल. लेखकाला स्वतःच्या प्रती खपवायच्याच असतील तर दुकानाने त्या ३० टक्के कमिशनवर ठेवून घ्याव्यात.

कार्यक्रमाला शंभर रुपये प्रवेशशुल्क असावं, आणि ते त्या संध्याकाळच्या खरेदीतून वजा व्हावं, असं आमचं ठाम मत आहे. नागपूरला फुकटच्या कार्यक्रमांची सवय आहे आणि ती वाईट नाही. विदर्भ साहित्य संघासारख्या १९२३ पासूनच्या संस्थेने ती घडवली, आणि संस्थेचं ते कामच आहे. दुकान ही संस्था नाही. शंभर रुपये भरलेला माणूस येतोच, वेळेवर येतो आणि त्या शंभरात उरलेली रक्कम घालून पुस्तक घेऊन जातो. विद्यार्थ्यांना सूट द्यावी. ज्याला शंभर रुपये जास्त वाटतात तो पुस्तकही घेणार नव्हता, हे वाक्य कठोर आहे, पण दहातल्या आठ वेळा खरं आहे.

वाचकगट त्याहून सोपा आणि जास्त टिकाऊ. आठ ते बारा माणसं, महिन्याचा दुसरा शनिवार, तीन महिन्यांची पुस्तकं आधी जाहीर. पुस्तक अडीचशे पानांच्या आतलं आणि पंधरा प्रती मिळण्यासारखं हवं. गट मोडायची कारणं तीनच: दुर्मीळ पुस्तक निवडलं, म्हणून कोणी तरी त्याची पीडीएफ गटात टाकली, निवृत्त प्राध्यापकांनी चर्चेचं व्याख्यान केलं, किंवा तारीख दोनदा पुढे ढकलली. संदेशासाठी व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढू नये, सकाळच्या फुलांखाली पुस्तकं गाडली जातात. ब्रॉडकास्ट यादी करावी. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी दुकानाचा नंबर साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो, हे काउंटरवर सांगून नंबर तिथल्या तिथे साठवून घ्यावा.

विदर्भातल्या बाहेरगावच्या वाचकाचं काय, हा प्रश्न उरतो. गडचिरोलीत किंवा गोंदियात राहणाऱ्याला नागपूरचं दुकानही लांबच. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये स्वस्त बुकपोस्ट बंद केली, त्यावर ओरड झाली, आणि १ मे २०२५ पासून ज्ञानपोस्ट सुरू झाली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. नियतकालिकं आणि जाहिराती असलेला मजकूर तिच्यात चालत नाही, आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं अडीचशे पानी पुस्तक साध्या कागदावर २८० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे जाड पुठ्ठ्यात गुंडाळलं की वरच्या टप्प्यात जातं. एकेक पुस्तक पाठवण्यापेक्षा गावातल्या चार वाचकांची मागणी एकत्र करून पाच किलोचा गठ्ठा पाठवणं परवडतं. तालुक्याच्या ग्रंथालयाला यात दुकानाचा खरा जोडीदार होता येईल.

सवलत बंद करा म्हणणं वाचकविरोधी आहे, असा आक्षेप येणारच, आणि तो टाकाऊ नाही. ज्याला २० टक्के स्वस्त मिळतं त्याने तसं घ्यावं, त्याला अपराधी वाटायला लावण्यात अर्थ नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा करून नव्या पुस्तकावरची सवलत पाच टक्क्यांवर रोखली, जर्मनीतही पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली आहे, आणि तिथे छोटी दुकानं तग धरून आहेत. ब्रिटनमध्ये किंमत बांधणारा प्रकाशकांचा करार होता, तो नव्वदच्या दशकात मोडला. आपल्याकडे प्रकाशकांनी आपसात ठरवून किंमत बांधली तर ती २००२ च्या स्पर्धा कायद्यात अडकू शकते, त्यासाठी संसदेचा कायदाच लागेल, आणि तो नजीकच्या काळात होईल असं दिसत नाही. म्हणून आम्ही खाजगी वाचकावर कसलंही बंधन मागत नाही. फक्त फुटपाथवरच्या चोरट्या प्रतीला कोणी सवलत समजू नये. पातळ कागद, पुसट छपाई, गळणारी पानं आणि लेखकाला शून्य. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

मागणी आहे ती सार्वजनिक पैशाबद्दल. ग्रंथालयांच्या आणि शाळांच्या खरेदीत सवलतीला वरची मर्यादा घालावी, समजा २० टक्के. त्यापेक्षा जास्त देणारं दरपत्रक बादच करावं. मग छापील किंमत फुगवण्यात कोणाचाच फायदा राहणार नाही. खरेदीचा चौथा हिस्सा तरी प्रत्यक्ष दुकानात जाऊन, पुस्तक हातात घेऊन करावा, आणि त्या निवडीत ग्रंथपालाबरोबर दोन सभासद असावेत, एक विद्यार्थी आणि एक बाई. दोघांच्याही मागण्या समितीच्या यादीत क्वचित उतरतात. शाळांनी प्रदर्शन भरवायला दुकानाला बोलवावं, पण विक्रीतला वाटा मागू नये. तो वाटा शंभर रुपयांच्या आतली पुस्तकं टेबलावरून हद्दपार करतो, आणि मुलं तीच घेऊ शकतात. बिलं साठ दिवसांत चुकती करावीत, कारण प्रकाशकाची उधारी तेवढीच असते आणि संस्थेचा धनादेश सहा महिन्यांनी आला तर मधले चार महिने दुकान व्याजावर चालतं.

आणि खरेदी मार्चवर ढकलू नये. वर्ष संपताना निधी परत जाईल म्हणून आठवड्याभरात पाचशे पुस्तकं घ्यायची ठरली की ती फक्त फुगवलेल्या किमतीचे गठ्ठे आणणाऱ्या पुरवठादाराकडेच मिळतात. तेच पैसे जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत तीन हप्त्यांनी खर्च केले तर निवडायला वेळ मिळतो, दिवाळीनंतर आलेली नवी पुस्तकं यादीत येतात, आणि जुलैतल्या कोणत्या पुस्तकांवर जानेवारीपर्यंत किती वेळा तारखेचे शिक्के पडले, हे तिसरी यादी करताना ग्रंथपालाच्या समोर असतं.